जीप, बैलगाडी आणि शिवेचा दगड

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, जीपचा बंपर आणि आमच्या बैलगाडीचं चाक यांच्यामध्ये अडकले होते. त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. गाडीवरचं पिंप कलंडून दोन कोसांवरून आणलेलं पाणी रस्त्यानं पिऊन टाकलं होतं. समोरून जीप येताना पाहून मालक बैल आवरायला खाली उतरले. जीप डाव्या बैलाला घासून चाकावर आदळली आणि ते मध्ये सापडले. गाडी मागं ढकलावी तर तिचं चाक जिल्ह्याच्या शिवेच्या दगडाला जाऊन टेकलेलं. जीप सरकवायला कोणी तयार नव्हतं.

जीप नव्या जिल्ह्याची होती. लातूर नुकतंच वेगळं झालेलं. साहेब नवे, जीप नवी, शिवेचा चुना लावलेला दगडही नवा. जुना होता तो दुष्काळ, आणि तोच पाहायला साहेब अहमदपूरहून निघाले होते.

साहेबांनी उतरल्याबरोबर आधी जीपचा फुटलेला दिवा पाहिला, मग मालकांना पाहिलं. पंचनामा होईपर्यंत काही हलवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आमच्याकडं माणूस मेला तरी चालतं, पंचनाम्याआधी जागचं काही हललेलं चालत नाही. आता पंचनामा करायचा कोणी? जीप लातुरात उभी आणि आमच्या गाडीचा मागचा भाग नांदेडात. फौजदार अहमदपूरचा बोलवावा की कंधारचा, यावर साहेब आणि ड्रायव्हर बोलत राहिले.

जीपमध्ये शाळेतले विज्ञानाचे गुरुजी होते. जनावरं मोजायला त्यांना धरून आणलेलं. साहेबांनी त्यांना विचारलं, कोण कोणावर आदळलं? गुरुजी म्हणाले, दोन वस्तू आदळल्या की दोन्ही एकमेकींना सारखाच धक्का देतात, हा निसर्गाचा नियम आहे. साहेबांना नियम फार आवडला. मग दोषही सारखाच, असं ते म्हणाले आणि कागद शोधू लागले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी म्हटलं, "गुरुजी, धक्का सारखा आसंल. मग जीपचा दिवाच फुटला अन् आमच्या बैलाच्या फासळ्या कशानं मोडल्या?"

गुरुजींनी खरं सांगितलं. धक्का सारखा असतो, पण सोसणाऱ्याचं वजन आणि हाडं सारखी नसतात. हे कागदावर घ्या म्हटल्यावर साहेबांना पेन सापडेना.

तेवढ्यात मालक खालून म्हणाले, "तुमची शाळा सुटली आसंल तर मला काढा."

त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. मी गुरुजींना विचारलं, मी जीपला रेटलं तर जीपही मला रेटणार ना?

"हाव, तेवढ्याच जोरानं. पाठीमागं आधार लागंल, न्हाईतर तुम्हीच सरकाल."

आधार एकच होता. मी मालकांच्या शेजारी खाली बसले, पाय चाकालगत लांबवून शिवेच्या दगडाला लावले आणि पाठ बंपरला. ड्रायव्हरला ब्रेक सोड म्हटलं तर तो साहेबांकडं पाहत राहिला. साहेबांनी पुन्हा पंचनाम्याचा विषय काढला. शेवटी गुरुजीच चढले आणि जीप चालवता येत नसली तरी त्यांनी ब्रेक सोडला. नोकरीच्या माणसानं एवढं करणं सोपं नव्हतं, हे मान्य करते.

मी रेटलं. पाठीचे मणके वाजले. आधी दगड हलला, मग जीप वीतभर मागं गेली. गुरुजींनी धावत येऊन मालकांना बगलेत धरून ओढून काढलं.

दगड नांदेडच्या बाजूला कलला होता. पुढं महिनाभरानं दोन्ही जिल्ह्यांची माणसं टेप घेऊन आली आणि जिल्ह्याची हद्द कोणी हलवली म्हणून माझा जबाब घेतला. मी हलवली, असं सांगितलं आणि खाली सही केली. बैलाचं कोणी विचारलं नाही.

डावा बैल त्याच दुपारी गेला. मालकांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, पण ते वाचले.