एक जण यायचाय

डावा हात गिअरवर, इंजिन चालू, आणि नजर समोरच्या रस्त्याऐवजी डाव्या आरशात. बसमध्ये आम्ही सगळे बसलेलो, कुणाचा डबा मांडीवर, कुणाचं डोकं खिडकीला टेकलेलं. तेवढ्यात ड्रायव्हरकाका म्हणायचे, "थांबा राव. एक जण यायचाय."

त्यांच्या मागच्याच सीटवरून उत्तर यायचं, "सगळे आलेत. काढा गाडी."

हे रोज सकाळी, आकुर्डीपासून भोसरीपर्यंत, प्रत्येक थांब्यावर. तुमच्यापैकी ज्यांनी कंपनीच्या बसने नोकरी केली आहे, त्यांना ड्रायव्हरांच्या तऱ्हा माहीत असतील. कुणी हॉर्न वाजवून अख्खी वस्ती जागी करतो. कुणी घड्याळाचा काटा सरकला की निघतो आणि पळत येणाऱ्याला आरशात बघून हसतो. आमचे काका थांबायचे. यामुळे आम्हाला अधूनमधून लेट मार्क लागायचे आणि त्यांना शिव्याही पडायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीवर असेल, पण बसमध्ये ते कुणी वापरलं नाही, म्हणून मीही इथे वापरत नाही.

माझी त्यांची ओळख मी धावत असताना झाली. वाशीमकडच्या एका तालुक्याच्या गावातून मी नुकताच आलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात नेमणूक झाली, तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. आणि पहिल्याच सकाळी आकुर्डीच्या खोलीत चौघांत एक नळ, म्हणून उशीर. एक बूट पायात, एक हातात, असा मी चौकाकडे पळत सुटलो. बस उभी होती. मी चढलो, तर काका मागे वळूनही न बघता म्हणाले, "बघा साळवे साहेब, यायचा होता की नाही एक जण?"

मला वाटलं, ऑफिसने त्यांना माझं नाव कळवलं असणार. इतकं महत्त्व मला तोवर कुणी दिलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी फोन करून तसं सांगितलंही. पुढे कळलं की त्यांना कुणीच काही कळवत नसे. ते रोजच तसं म्हणायचे, आणि बहुतेक दिवशी कुणी यायचंही नाही.

साळवे साहेब आमच्या असेंब्ली लाइनचे सुपरवायझर. नगरकडचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. माझ्याच थांब्यावर चढायचे आणि ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची ठरलेली. काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेले मराठी यहुदी. एसटीतून निवृत्त होऊन कंपनीच्या बसवर आलेले. माझ्या गावात असा यहुदी किंवा ख्रिस्ती एकही माणूस मी पाहिला नव्हता. काकांच्या डोक्यावरच्या गोल टोपीवरून मी त्यांना आल्या-आल्या ईदच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि वर "तुलाही" म्हणाले.

शनिवारी ते गाडीला हात लावत नसत. "आमचे पूर्वज तेल गाळायचे," त्यांनी मला सांगितलं. "शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मी शनवार ड्रायव्हर." साळवे साहेबांना रविवारी चर्चला जायचं असायचं, आणि आमच्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. दोघेही पाळ्यांची अदलाबदल, विनवण्या, ओव्हरटाइम असं काहीबाही करून आपापला दिवस सोडवून घ्यायचे. काका म्हणायचे, "देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. एमआयडीसीत असता तर गुरुवारीच घ्यावा लागला असता."

बरेच दिवस मी समजत होतो की हे दोघे बसच्या वेळेवरून भांडतात. मोशीच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, आणि मी जवळ बसून ऐकायला लागलो तेव्हा भांडण निराळंच निघालं.

साळवे साहेबांचं म्हणणं असं. देवाने ज्याला पाठवायचं वचन दिलं होतं तो मशीहा, जगाचा तारणारा, येऊन गेला. तो येशू. त्याच्याआधी एलीया संदेष्टा येऊन वर्दी देणार होता, तीही योहान संदेष्ट्याच्या रूपाने देऊन झाली. आता राहिलंय ते येशूचं दुसरं येणं. काकांचं म्हणणं, मशीहा अजून यायचाय. तो देव नसेल, माणूसच असेल, दावीद राजाच्या वंशातला. तो आला की लढाया थांबतील, तलवारींचे नांगर होतील, लांडगा कोकराशेजारी बसेल. आणि त्याच्याआधी एलियाहू नबी येईल. म्हणजे साळवे साहेबांचाच एलीया. तोही काकांच्या मते अजून यायचाच होता.

"आला असता तर दिसलं नसतं का?" काका हात उचलून काचेबाहेर दाखवायचे. बाहेर चाकणचा चौक. कंटेनर, ट्रेलर, रिक्षा, आणि त्यांच्या मधोमध आमची बस. "ह्याला तारण झालेलं जग म्हणता?"

"त्याने माणसांचं पाप स्वतःवर घेतलं. तुमचं ट्रॅफिक नाही घेतलं," साळवे साहेब म्हणायचे. "चौकाचं दुसऱ्या येण्यात बघू."

मागून कुणीतरी म्हणायचं, काका, मशीहा येईल तेव्हा येईल, तुम्ही तेवढी डावीकडून घाला.

आवाज कुणाचाच चढत नसे. नाताळात साळवे साहेबांच्या घरच्या करंज्या आल्या की पहिली काका उचलायचे. करंजीला स्वतःचं मत नसतं, असं त्यांचं मत होतं. साळवे साहेब मात्र दुसऱ्याच्या पूजेतलं काही खात नसत. कंपनीच्या गणपतीच्या आरतीला ते आदराने उभे राहायचे, आणि मोदक समोर आला की हात जोडायचे. "राग मानू नका, माझ्या विश्वासात बसत नाही." कुणी रागही मानत नसे. ते त्यांचं पथ्य आहे हे सगळ्या बसला ठाऊक होतं.

एका सकाळी मी चढलो तेव्हा ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. काका आरशात बघत म्हणाले, "एक जण यायचाय." मागून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. इंजिन बंद केलं. कुणी लेट मार्कचं नाव काढलं नाही.

शेवटी काकांचाच फोन वाजला. साळवे वहिनी बोलत होत्या. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलंय, हृदयाचं मोठं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. काकांनी फोन खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी भोसरीच्या थांब्यांवर ते आरशात बघायचंच विसरले. पेंट शॉपमधल्या एक ताई पळत येत होत्या, त्या मागे राहिल्या. काकांच्या बसने मागे सोडलेलं मला आठवणारं हे एकच माणूस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा घेताना ते मला म्हणाले, "बोलून गेलोय राव."

"काय?"

"नवस. मलिद्याचा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही अडलं, कुणी आजारी पडलं, की बेने इस्राएल लोक एलियाहू नबीच्या नावाने मलिदा बोलतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. ताट मांडायचं, प्रार्थना म्हणायची, सगळ्यांनी खायचं. आणि ज्याच्यासाठी नवस असेल, पहिला घास त्याचा, अशी काकांच्या घरची रीत.

मी म्हटलं, "पण काका, साळवे साहेब तर..."

"हो ना. बोलताना ते डोक्यातच आलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आलं असतं तरी काय, कमी बोललो असतो का?"

ऑपरेशन नीट झालं. साहेब घरी आल्यावर एका गुरुवारी मी आणि काका माझ्या दुचाकीवरून त्यांना भेटायला गेलो. साहेब बारीक झाले होते, पण आम्हाला बघून पहिलं वाक्य बोलले ते असं, "सगळे आलेत का बसचे?" थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर काकांनी नवसाचं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात.

वहिनी हुशार. त्यांनी लगेच वाट काढून दिली. "ह्यांना गोड बंद केलंय हो डॉक्टरांनी."

"खोटं नको," साहेब म्हणाले. "थोडं चालतं म्हणालेत." मग ते काकांकडे वळले. "तुम्ही माझ्यासाठी देवाजवळ बोललात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण एलीया येऊन गेला असं मी मानतो. त्याची वाट बघत मांडलेल्या ताटातलं खाल्लं, तर तो आलाच नाही असं कबूल केल्यासारखं होईल. आणि तो आला नसेल, तर त्याच्यामागून येणाराही आलेला नाही. टेबलावर झोपवलं तेव्हा मी ज्याचं नाव घेत होतो, त्याला आता नाकारू का?"

"नाही," काका म्हणाले. "नाकारू नका."

आम्ही चहा प्यायलो आणि निघालो. परतताना मी विचारलं, दुसऱ्या कुणी पहिला घास घेतला तर नवस फिटणार नाही का? मागे बसलेले काका म्हणाले, फिटेलही, देव काही हवालदार नाही. पण त्यांना तसं करायचं नव्हतं.

"मग?"

"मग थांबू. आम्हाला सवय आहे."

साळवे साहेब कामावर परत आले. पुन्हा तीच सीट, तेच "सगळे आलेत, काढा गाडी". पण मोशीच्या पुढचं बोलणं बंद झालं. दोघे क्रिकेटवर बोलायचे, पाणीकपातीवर बोलायचे, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा विचारायचे. मशीहाचं नाव कुणी काढत नव्हतं. मागच्या सीटवरचे लोकसुद्धा बेचैन झाले होते. न पटणाऱ्या गोष्टी इतक्या मोकळेपणाने बोलणारी ही दोन माणसं आता एकमेकांना जपत होती, आणि ते बघवत नव्हतं.

असेच एकदा चौकात अडकलो होतो. पुढे ट्रेलर आडवा झालेला. साहेबांनी अचानक विचारलं, "मलिद्यावर तुम्ही म्हणता काय? नेमकं सांगा."

काकांनी सांगितलं. देवाची स्तुती. दोघांच्याही जुन्या शास्त्रातले आशीर्वाद, ते साहेबांनाही पाठ होते. मग एकेका फळावर, हे झाडाला लावणारा देव धन्य, असं.

"आणि एलीयाला काय मागता?"

"त्याला काही नाही. त्याची आठवण काढतो, गाणं म्हणतो. मागणं देवाकडे, आभारही देवाचेच."

ट्रेलर सरळ झाला, हॉर्न वाजायला लागले, बस हलली. चौक मागे पडल्यावर साळवे साहेब म्हणाले, "आभार मानायला मी येतो. वाट बघायला तुम्ही बसा."

काकांनी आतल्या आरशात त्यांच्याकडे पाहिलं. "गुरुवारी?"

"गुरुवारी. तो ना तुमचा, ना माझा."

चिखलीतल्या काकांच्या दोन खोल्यांत तो मलिदा झाला. पुण्याहून त्यांचे काही नातेवाईक आले होते. मला डोक्यावर रुमाल ठेवायला सांगितलं. साळवे साहेब जरा अडखळले, त्यांच्यात पुरुष डोकं उघडं ठेवून प्रार्थना करतात. काका म्हणाले, "तुम्ही तुमच्यासारखे बसा." प्रार्थना झाली आणि पहिली वाटी साहेबांच्या हातात आली. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ते कुणाचं नाव घेत होते हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. काका वाटीकडे बघत राहिले. साहेबांनी डोळे उघडले, पहिला घास घेतला, आणि काकांनी टोपी उगाचच नीट केली.

मग एलियाहू नबीचं गाणं झालं. साहेब त्यात सामील झाले नाहीत. गाणं संपल्यावर मात्र त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

"ही आभाराची की वाट बघण्याची?" काकांनी विचारलं.

"ही भुकेची."

दुसऱ्याच दिवशी मोशीच्या पुढे भांडण पूर्ववत सुरू झालं. बसने टाळ्या वाजवल्या.

मागच्या वर्षी काका मुलीकडे इस्राएलला गेले, कायमचे. तिथून त्यांचे फोन येतात. पहिल्या फोनवर तक्रार होती. "ज्याची वाट बघायची त्याच्या गावात येऊन राहिलो, आणि इथली बस एक मिनिट थांबत नाही राव." साळवे साहेबांना फोन दिला की दोघांचं भांडण सुरू होतं, आणि माझी बॅटरी संपते.

आता बसवर नवीन पोरगा आहे. चांगला चालवतो, वेळेवर निघतो. परवा आकुर्डीच्या थांब्यावर त्याने गिअर टाकला, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून आवाज आला.

"थांब जरा. एक जण यायचाय."

सगळ्या बसने माना वळवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय साळवे साहेब, धर्म बदलला का?"

"धर्म तोच आहे," साहेब म्हणाले. "बस त्यांची आहे."

पोरगा थांबला. डाव्या आरशात रस्ता रिकामा दिसत होता. मग कोपऱ्यावरून एक नवीन मुलगी पळत येताना दिसली, गळ्यात कोरं ओळखपत्र, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत. साळवे साहेबांनी शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.