विहिरीने दिलेली ओळ

कोकणात पावस गावी भर दुपारी मी विहिरीत धोंडा टाकला आणि एका संगीतकाराचं गाणं बुडवलं.

तो अनोळखी माणूस कठड्यावर वाकून माडाच्या पातीची पिपाणी वाजवत होता. मी "हे काय?" विचारलं.

"लहानपणापासनं एक ओळ मी वाजवतो, पुढची ही विहीर देते," तो म्हणाला. "मुंबईच्या नाटकांना दिलेल्या चाली सगळ्या अशाच झाल्या."

मी हसलो. त्याने ओळ वाजवली, पिपाणी खिशात घातली आणि कान देऊन उभा राहिला. थोड्या वेळाने खालून पिपाणी वाजू लागली. सूर वेगळेच होते. घाबरून मी हाताशी आलेला धोंडा आत टाकला.

आवाज थांबला, तो पुन्हा आलाच नाही.

बराच वेळ वाट पाहून तो म्हणाला, "परवा तालीम आहे वो. नटीला आता काय गायला देऊ, तुमची वळलेली बोबडी?"