उघडी गाडी की फेअरिंगवाली

आमच्याकडे स्कूटर होती. भाजी, गॅसचं सिलिंडर, दुर्ग स्टेशनवरून पाहुण्यांना आणणं, सगळं तिच्यावर व्हायचं. तरी एका दिवाळीनंतर जेवताना ह्यांनी सांगितलं की मोटरसायकल घ्यायची आहे, आणि कामासाठी नाही, नुसती फिरायला. कशासाठी म्हणून मी विचारलं नाही. त्या दिवसांत आम्ही एकमेकांना फारसं काही विचारत नव्हतो.

त्याच्या आदल्या वर्षी आमची मुलगी गेली. जन्मली आणि दुसऱ्या दिवशी गेली. नाव ठेवायलाही सवड मिळाली नाही. माझी आई भंडाऱ्याहून येऊन काही दिवस राहिली, सासूबाई येऊन गेल्या, मग क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो. हे पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये होते. तिथं इतका आवाज असायचा की माणसं हातांच्या खुणांनी बोलत. घरी आले की ह्यांना शांतता हवी असायची, आणि मी तर दिवसभर शांततेतच बसलेली असायची. शेजारी एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली. माणसं चांगली होती, पण माझी हिंदी कच्ची. त्या मुलीबद्दल बोलायचं तर मराठीतच बोलता आलं असतं, आणि मराठी बोलणारं घरात एकच माणूस होतं.

कॅम्प-१ वस्तीत ह्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक जुन्या गाड्या नीट करून विकायचा. त्याच्याकडे एकाच कंपनीच्या, दोन सिलिंडरच्या दोन मोटरसायकली उभ्या होत्या. एक होती तशीच, उघडी. समोर गोल दिवा, हँडल, आणि पुढे नुसता रस्ता. दुसरीला आधीच्या मालकानं फायबरचं लाल फेअरिंग बसवून घेतलं होतं. दिव्याभोवतीनं ते दोन्ही गुडघ्यांपर्यंत उतरायचं, आणि वर वारा अडवायला काच. मालकाची बदली झाली म्हणून गाडी विकायला आलेली. हे दोन्हींच्या भोवती कितीतरी वेळ फिरले. मेकॅनिक म्हणाला, "साब, एक-एक इतवार ले जाइए। मैडम को भी बिठाइए, फिर बताना।"

पहिल्या रविवारी आम्ही उघडी नेली. सकाळी निघालो, जी.ई. रोडच्या हमरस्त्यानं कुम्हारी गावाकडे. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून, अंगावर शाल. पॉवर हाऊसच्या बाजाराची गर्दी मागे पडली तसा ह्यांनी वेग वाढवला आणि वारा अंगावर आला. शाल फडफडत होती, कानात नुसता घूं घूं आवाज. हे एकदा मान वळवून काहीतरी बोलले. मी "काय?" म्हणून ओरडले, ह्यांनी हातानं काही नाही अशी खूण केली. कुम्हारीला एका टपरीवर चहा घेतला. ह्यांचं नाक लाल झालं होतं, डोळे ओलसर. थंडीनं बोटं वाकत नाहीत म्हणाले, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. येताना मी त्यांच्या पाठीआड डोकं लपवून बसले, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या मनात काहीच आलं नाही. एवढा वेळ मन रिकामं राहिलं, ह्याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या रविवारी फेअरिंगवाली. तोच रस्ता, तशीच थंडी. पण ह्या गाडीवर वारा काचेवरून आणि बाजूनं निघून जायचा. शाल जागच्या जागी. इंजिनाचा आवाज ऐकू यायचा आणि ह्यांचा खोकलासुद्धा. ट्रक शेजारून गेला की फेअरिंगवर हवेचा धक्का बसायचा आणि गाडी थोडी ढकलली जायची, तेवढंच. बाकी घरात बसल्यासारखं होतं. आणि घरातलं सगळं माझ्या शेजारी येऊन बसलं.

चरोदा मागे टाकल्यावर एक स्कूटर आमच्या पुढे गेली. बाप, आई, आणि बापाच्या पुढ्यात उभी कानटोपी घातलेली पोरगी. मी त्या टोपीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग ह्यांच्या खांद्यापाशी तोंड नेऊन म्हटलं, "आपली असती तं आता टाकीवर बसली असती."

 ह्यांनी मानही हलवली नाही. गाडीचा वेगही तेवढाच राहिला. मी वाट पाहिली. पुलापर्यंत पाहिली, कुम्हारी आली तोवर पाहिली. टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले आणि चहावाल्याशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलले. माझा चहा मी तसाच ठेवला. ऐकू आलं नसेल अशी समजूत करून घ्यायलाही ह्या गाडीनं जागा ठेवली नव्हती.

चार दिवस गेले. शुक्रवारी सकाळची पाळी करून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि तिथंच उभे राहिले. उद्या मेकॅनिकला सांगायचं आहे म्हणाले. त्यांच्या मते फेअरिंगवाली चांगली होती. थंडी लागत नाही, लांबवर गेलं तरी माणूस थकत नाही. उन्हाळ्यात गुडघ्यांना इंजिनाची गरमी लागेल, पण तेव्हा फेअरिंग काढून ठेवता येईल.

"तुले कोणती बरी वाटली?" त्यांनी विचारलं.

"उघडी."

"कावून? थंडीनं कुडकुडून राहिली होती तू."

मी पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले. "तिच्यावर बसलं की बोलता येत नाही," मी म्हटलं. "मंग कोनी बोललं नाही तं वाईट वाटत नाही."

 मला वाटलं आता आत जातील.

"मी आयकलं होतं," ते म्हणाले. "काय म्हनावं, ते समजलंच नाही मले."

मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं की नव्हतं, मला अजूनही सांगता येत नाही. थोड्या वेळानं नळ सोडल्याचा आवाज आला, ते हात धूत होते.

उघडी घेतली. बरीच वर्षं ती आमच्याकडे होती. आम्ही तांदुला धरणावर गेलो, राजनांदगावला गेलो, कुम्हारीला तर कितीदा गेलो. त्या वाऱ्यात मी मागे एकटी असायची आणि ते पुढे एकटे, मधे एका शालीचं अंतर. त्याची सवय झाली. दुसरं मूल झालं नाही. लोक म्हणायचे, तुम्ही दोघं किती फिरता.

एका सव्वीस जानेवारीला आम्ही कुम्हारीच्या रस्त्यावर थांबलो होतो. शाळेच्या मुलींची प्रभातफेरी चालली होती, रिबिनी बांधलेल्या, हातात कागदी झेंडे. हे गाडीला टेकून पाहत होते. रांग संपत आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सातवीत असती."

"सहावीत," मी म्हटलं. "सप्टेंबरची होती ना. एक वर्ष उशिरा घातली असती."

ते विचार करून म्हणाले, "हो. सहावीत."

शेवटच्या मुली गेल्या, बाई गेल्या. ह्यांनी किक मारली. मी शाल खोचली आणि मागे बसले.