हवेलीच्या बागेत मोडलेला फुटवा

पदवीला इंग्रजी घेऊनही ते चारचौघांत जवळजवळ कधीच न बोललेल्या आणि साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरलेल्या बाईने परदेशातील हवेलीविषयी लिहावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण तो दिवस आठवला की अजूनही मला स्वस्थ बसवत नाही.

आमची मुलगी तेव्हा नॉर्वेत नोकरीला होती. दोन हजार सालानंतरच्या एका जुलैत, रत्नागिरीतला आंब्याचा हंगाम आटोपून मी आणि आमचे यजमान तिच्याकडे गेलो. एका रविवारी तिने आम्हाला जुन्या जमीनदार घराण्याची हवेली पाहायला नेले. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या मला ती संपूर्ण लाकडी, पांढरीशुभ्र वास्तू पाहून आनंदाने हसूच आले. बुटांवर कापडी खोळी चढवून आम्ही दालनांतून फिरलो. हाताने रंगवलेले भिंतीवरचे कागद, माणसाहून उंच लोखंडी शेगड्या! किती पाहू, असे मला झाले. यजमानांचे लक्ष मात्र खिडकीबाहेर.

"अगो, शेगड्या काय बघत्येस? झाडं बघ झाडं!"

मुलगी पुस्तिका घ्यायला थांबली आणि आम्ही बागेत उतरलो. गुलाबांच्या वाफ्यांपलीकडे सफरचंदाचे एक पोखरलेले झाड होते. त्याच्या बुंध्याशी एकच तजेलदार फुटवा. आमच्याकडे हापूसच्या कलमाखाली, ते ज्यावर बांधलेले असते त्या रायवळ खुंटातून असा फुटवा आला की ज्याला दिसेल त्याने तो मोडायचा, बाग कोणाचीही असो. नाही तर वरचे कलम उपाशी राहते. मी "अहो" म्हणेपर्यंत यांनी तो मोडलाही होता.

म्हातारा माळी धावत आला. इंग्रजीत म्हणाला, "हे कलम नाही, बीपासून वाढलेलं झाड आहे. या जातीचं दुसरं कुठेही नाही. वरचा भाग मरतोय. त्या फुटव्यावरच आमची भिस्त होती."

मी ते सांगितले तेव्हा यजमानांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"त्याला विचार, रोपं आहेत का? सुकायच्या आत याचे डोळे त्यांच्यावर भरतो. अगो, बोल की! पदवीचं काय लोणचं घालायचंय?"

आणि मी बोलले. आयुष्यात प्रथमच, अडखळत, पण मोठ्याने. "हे तीस वर्षं कलमं बांधतात. यांना एक चाकू द्या."

माळ्याने यांच्या बोटांवरचे चाकूचे जुने व्रण पाहिले आणि खिशातला स्वतःचा चाकू पुढे केला. काचघरामागे सफरचंदाची कोवळी रोपे होती. त्यांच्या सालीला खाच देऊन यांनी फुटव्यावरचे तीन डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, बसवले, माळ्याने दोन. वरून बांधायच्या पट्ट्या मी धरल्या. मला तर गावेसे वाटत होते! एवढ्यात मुलगी आली.

"बाबा, तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही!"

"गप्प. पट्टी धर."

पुढच्या मे महिन्यात, ऐन आंबाकाढणीत, तिने पाठवलेला फोटो आला. दोन डोळे फुटले होते. पेट्या भरता भरता यांनी तो तीनदा पाहिला.

"माझे की त्याचे, ते विचार तिला!"

ते तिलाही ठाऊक नव्हते. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. तुमच्या बागेतली अखेरची फांदी परक्याने मोडली असती, तर तुम्ही त्याच्याच हाती चाकू दिला असता का?