साडेदहाचा उपग्रह, पाचची ओहोटी

“तो खडक आता अस्तित्वात नाही,” मी मीटिंगमध्ये ठामपणे सांगितलं. “तीन वर्षांच्या सॅटेलाइट इमेजेस पाहिल्या. सगळ्यांत नुसतं पाणी.”

समोर स्क्रीनवर लोसा होती. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटदेशाची सर्व्हे ऑफिसर. ती हसली.

“नाही? मागच्या महिन्यात माझ्या मावश्या त्यावर उभ्या होत्या.”

माझी बॉस हॅरिएट माझ्याकडे बघायला लागली. ती वकील, मी नकाशेवाली. आमची लंडनमधली लॉ फर्म या देशाच्या सागरी हद्दीचं काम बघते. कायद्यातली वाक्यं नकाशावर नीट बसवणं, ही माझी नोकरी.

थोडं समजावून सांगते. देशाचा समुद्र मोजतात तो बेसलाइनपासून. ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, ती ही रेषा. तिथून दोनशे सागरी मैलांपर्यंतची मासळी त्या देशाची. बेटाजवळचा एखादा खडक फक्त ओहोटीला उघडा पडत असला, तरी रेषा त्याच्यापासून धरता येते. आमचा खडक गेला असता तर समुद्राचा मोठा पट्टा जाणार होता, आणि ट्यूना नेमका त्याच पट्ट्यात. त्या देशात ना धड शेती, ना कारखाने. सगळ्यांचं पोट त्या माशावर.

घाई अशासाठी की समुद्र चढतोय. चढवला कुणी? त्या बेटांनी तर नक्कीच नाही. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या रिंग रोडवर संध्याकाळी अडकतात तेवढ्या गाड्यासुद्धा त्यांच्या अख्ख्या देशात नसतील. म्हणून छोट्या बेटदेशांनी भूमिका घेतली आहे: आज हद्द मोजून नोंदवली की उद्या जमीन पाण्याखाली गेली तरी ती हलणार नाही. बऱ्याच देशांना हे पटलेलं आहे. पण नोंदवताना खडक जागेवर हवा. नाहीतर शेजारचा देश हरकत घेणार. आणि आमच्या फायलिंगला तीन आठवडे उरले होते.

“एक तर तुझ्या इमेजेस चुकतायत, नाहीतर लोसाच्या मावश्या,” हॅरिएट म्हणाली. “शुक्रवारपर्यंत सांग, कोण ते.”

मावश्याच, मी मनात म्हटलं. वीस वर्षं या कामात घालवल्यावर एवढी घमेंड येतेच.

त्या वर्षी आई दापोलीजवळच्या आमच्या गावाहून सहा महिने राहायला आली होती. जेवताना माझा पडलेला चेहरा बघून तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

“तुमचा तो उपग्रह फोटो कधी काढतो?”

“सकाळी साडेदहाच्या सुमारास. कायम त्याच वेळेला. म्हणजे सावल्या सारख्या पडतात आणि तुलना करता येते.”

“मग त्याला जन्मात कालवं मिळायची नाहीत,” आई म्हणाली आणि भात वाढून घेतला.

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ते फोडून आतला मांसाचा गोळा काढायचा. आईने लग्नाआधी आणि नंतरही वर्षानुवर्षं हे काम केलंय.

“अगं, अमावास्या-पौर्णिमेला साडेदहाला पाणी भरत आलेलं असतं. खडक उघडे पडतात ते पाचच्या सुमाराला. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, पण ती भांगाची, लहान. पाणी उतरतं कुठे? साडेदहाला कोयता घेऊन निघालीस तर गाव हसेल तुला.”

माझा घास हातातच राहिला. एका ठिकाणची मोठी ओहोटी, म्हणजे उधाणाची, कायम घड्याळात जवळपास त्याच वेळेला येते. उपग्रहही कायम त्याच्या त्याच वेळेला येतो. दोघांची गाठ पडणारच नाही. तीन काय, तीस वर्षांच्या इमेजेस बघितल्या असत्या तरी मला पाणीच दिसलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला हे सुचू नये, याची मला भयंकर लाज वाटली.

मी लॅपटॉप उघडून त्या बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. तिथलीही मोठी ओहोटी पाचच्या आसपास. सकाळी लोसाला फोन लावला.

“मावश्या खडकावर किती वाजता जातात?”

“अमावास्येला, संध्याकाळी पाचला, शिंपले काढायला. सगळ्यांना माहीत आहे.”

“मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?”

“तू वेळ विचारलीच नाहीस.”

पुढची अमावास्या नऊ दिवसांवर होती. लोसा जीपीएस, मोजपट्टी आणि तीन मावश्या घेऊन होडीतून गेली. पाचला खडक वर आला. डायनिंग टेबलाएवढा, काळा, शेवाळलेला. मोजमापं झाली, फोटो झाले. एका फोटोत मोठ्या मावशी बादली उंच धरून हसतायत. त्यांनी शपथपत्रही दिलं: “पूर्वी बादली भरेपर्यंत खडक उघडा असायचा. आता अर्धी भरते तोवर पाणी पायाला लागतं.” ते वाचून मला गलबलून आलं. हॅरिएटने त्यातला शब्दही बदलला नाही.

फायलिंग वेळेत झालं. शेजारच्या देशाच्या तज्ज्ञांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही ओहोटीच्या वेळेबद्दल. उत्तरं तयार होती. हरकत आली नाही आणि रेषा नोंदली गेली.

“वाचला का गं खडक?” आईने विचारलं.

“खडक काही वर्षांत जाईल बहुतेक. पण समुद्र त्यांचाच राहील.”

“एवढ्यासाठी इतकं शिकलीस?” ती म्हणाली.

आता आमच्या ऑफिसात प्रत्येक इमेजखाली ती घेतल्याची वेळ आणि तेव्हाची पाण्याची पातळी लिहावी लागते. नियम मीच आणला. माझा पहिला रिपोर्टही मी जपून ठेवलाय. ‘खडक दिसत नाही’ असं लिहायला हवं होतं, तिथे मी ‘खडक नाही’ असं लिहिलं होतं. त्या दोन्हींच्या मध्ये एका देशाचा समुद्र होता.