वाकड्या पट्टीची नवी मोटार

सासरी आल्यापासून माझ्याबद्दल एकच तक्रार होती : हिचा डोळा वाईट. दृष्ट लावणारा नव्हे, खोट शोधणारा. साडीचे दोन्ही काठ सारखे नसले तर ती माझ्या अंगाला लागत नसे. एकदा नवं सूप एका अंगाला झुकतं म्हणून मी बाजारात परत पाठवलं, तर सासूबाईंनी आठवडाभर ऐकवलं, "पाखडता येस ना त्यामा? मंग इतली चिकित्सा कसाले?"

त्यात सासऱ्यांनी मोटार घेतली. कळसाडी गावातली पहिलीच. कापसाचं वर्ष चांगलं गेलं होतं आणि त्यांना हौस दांडगी. सुरतेहून गाडी रेल्वेने नंदुरबारला उतरली आणि तापीच्या वाळूतून बैल जुंपून ओढावी लागली. वेशीवर बैल सोडले, मग मात्र ती भोंगा वाजवत ऐटीत आमच्या दारात आली.

सगळं गाव अंगणात जमलं. सुरतेचा एजंट हॅट घालून आला होता. त्याने बॉनेट उघडलं आणि पुरुषमंडळींनी आत डोकी घातली. कळत कुणालाच काही नव्हतं, माना मात्र सगळे डोलवत होते. मी उंबऱ्यापाशी आरतीचं ताट घेऊन उभी. मी ओवाळायचं, मग चाकापुढे नारळ फोडायचा, की गाडी आमची. त्यानंतर तक्रार चालत नाही, हे एजंटालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो सारखा घाई करत होता.

माझं लक्ष दारांकडे गेलं. एक पांढरी चकचकीत पट्टी पुढच्या दारावरून मागच्या दारावर गेली होती. पुढे सरळ, मागे बोटभर खाली. मडगार्डवर रंगाचा ओघळ तसाच वाळलेला. आत छताचं कापड कोपऱ्यात सुरकुतलेलं. नवीकोरी वस्तू, आणि ही कळा!

सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. गप्प राहून ओवाळलं तर ती वाकडी पट्टी जन्मभर माझ्या दारात. बोलले तर भर गावात सासऱ्यांचा अपमान, आणि मला माहेरी धाडलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. माझे हात वर उठेनात.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आत्याबाई, पट्टी वाकडी शे. हाई गाडीले कशी ओवायू?"

नेमका तेव्हाच पोरांनी चालवलेला भोंगा थांबला आणि माझं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. एजंट हसला. "बेन, आ तो फक्त शोभानी पट्टी छे. इंजिन जुओ, इंजिन!" म्हणत त्याने बॉनेटकडे बोट दाखवलं. मागोमाग सगळं अंगण हसलं. माझे यजमान मला डोळ्यांनी दटावू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, शोभेची म्हणूनच तर सरळ हवी! वाकडीच लावायची तर लावली कशाला?

सासूबाई पायऱ्या उतरल्या. माझी आता धडगत नाही, असंच मला वाटलं. त्यांनी पट्टीवर पुढून बोट ठेवलं आणि सरळ मागे चालत गेल्या. मागच्या दाराशी बोट पट्टी सोडून काळ्या रंगावर गेलं. त्या थांबल्या.

"खंडित शे," त्या म्हणाल्या. "खंडित पाट आपन देवपुढे मांडतस का? मंग हाई वस्तूनी पूजा कशी व्हई?"

हसणं बंद झालं. एजंटाने लगेच सूर बदलला. नदीत बैलांनी हिसका दिला, तेव्हा सरकली असेल, आत्ता बसवून देतो, म्हणत त्याने पट्टी अंगठ्याने वर रेटली. ती टणकन निघून त्याच्या हातात आली! खालची भोकं उघडी पडली. मी पुढे होऊन पाहिलं, तर भोकांच्या आतही तोच काळा रंग होता. आता माझी भीड पार चेपली होती.

"आत्याबाई, पहिले भोक पाडं, मंग रंग दिन्हा," मी चांगली मोठ्याने म्हटलं. म्हणजे दार कारखान्यातूनच चुकीचं निघालं होतं. तापीमाईवर खोटा आळ घेतला म्हणून गावही एजंटावर बिथरलं. सासूबाईंनी नारळ पदरात घेतला आणि त्या सरळ घरात गेल्या. नारळच नाही म्हटल्यावर एजंट काय करणार? पुन्हा बैल जुंपले आणि मोटार आल्या वाटेने परत गेली. माझा आनंद गगनात मावेना. चुलीपाशी बसून मी पोटभर हसले.

पावसाच्या आधी दुसरी गाडी आली. या खेपेला एजंटाने बॉनेट उघडलं नाही, हॅट काढून बाजूला उभा राहिला. सासूबाईंनी वातीचं सूत आणलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हाती दिलं. सूत ताणून आम्ही पट्टी पाहिली. मग मी दारं उघडून मिटून पाहिली, छताचं कापड पाहिलं, मडगार्डवरून हात फिरवला. पुरुषमंडळी उन्हात ताटकळत होती. ताटकळू देत! मला एकही खोट सापडेना, आणि खरं सांगते, मी जराशी हिरमुसलेच.

शेवटी सासऱ्यांनी घाम पुसत सासूबाईंना विचारलं, "मंग? चालस का?"

"माले काय इचारतस?" त्या म्हणाल्या. "तिले इचारा."

सासरे माझ्याकडे वळले. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"चालस," मी त्यांना म्हटलं. "फोडा नारय."