कंपनी म्हणजे सोबत भाकरी

आमच्या हडपसरच्या ऑफिसात अकाउंट्सला एक गृहस्थ होते. कॅन्टीनमध्ये नवा माणूस दिसला की शेजारी बसून विचारायचे, "कंपनी म्हणजे काय, माहीत आहे का आपल्याला? लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. भाकरी वाटून खातात, ती कंपनी!" एवढं सांगून होईपर्यंत त्यांचा हात त्या नव्या माणसाच्या डब्यात पोचलेला असायचा. स्वतःचा डबा मात्र पिशवीतच. एकदा मी म्हटलं, "मग आपलाही डबा काढा की." तर म्हणाले, "अहो, मी व्युत्पत्ती सांगतोय, पंगत वाढत नाहीये."

मागच्या महिन्यात मला 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. त्या दुपारी माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. नोकरी जाणं हा बहुधा साथीचा रोग असावा. हे मात्र आले, पिशवीतून डबा काढला आणि दोन पोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. लॅटिन नाही, सांत्वन नाही. फक्त म्हणाले, "जेवा."

इतकी वर्षं त्यांनी डबा का उघडला नव्हता, ते पहिल्याच घासाला कळलं. पोळी चामड्याला लाजवेल अशी वातड होती.

मी दोन्ही संपवल्या.